फ्लेक्सवरचा कडूबा

कल्पना करा, तुम्ही शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार आहात. यंदा कुणाला पर्मनंट करायचं ते साहेब ठरवणार. आणि त्याच साहेबांना, सगळ्यांसमोर, त्यांचं काय चुकतं ते तुम्हाला सांगायचंय. नको रे बाबा, म्हणाल ना? आमचा कडूबाही तेच म्हणाला होता.

राजकुमार साहेब जेवणाची घंटा झाली की कँटीनच्या दारात उभे. "दोनच मिनिटं! मीटिंग!" त्या दोन मिनिटांत अर्धी सुट्टी संपायची. कुणी डब्याकडं बघितलं की म्हणायचे, "घरी खायला देत नाहीत का?"

एचआरच्या राजनंदिनी मॅडम नाशिकहून नव्यानं आलेल्या. कामगारांनी मोकळं बोलावं म्हणून त्यांनी औरंगपुऱ्यातल्या फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवला, 'कडू बोला, साहेब ऐकतील!' फ्लेक्सवाल्याचा सगळा जन्म वाढदिवसाच्या शुभेच्छा छापण्यात गेलेला, अन् आमच्याकडं गल्लोगल्ली कडूबा. त्याला वाटलं, मॅडमचा 'बा' राहिला. त्यानं आपुलकीनं दुरुस्ती केली. न बघताच कँटीनमध्ये फ्लेक्स लागला, 'कडूबा बोला, साहेब ऐकतील!'

आमच्या कारखान्यात कडूबा एकच.

"नेते, आमची भाजी थंड होतीय, तेवढं मुद्द्यात घ्या," शेजारच्या मशीनवरचा सर्जेराव लगेच चिकटला.

घरी बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला. "वाढदिवस नसताना फ्लेक्सवर नाव! आता बोलावंच लागंल."

"अगं, पर्मनंटचं काय?"

"कंपनीनंच सांगितलंय ना? न्हाई बोलले तर हुकूम मोडला म्हणतील."

हे कडूबाला पटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "काही अडचण? नाही ना? छान."

कडूबा डब्यासकट उभा राहिला. "साहेब, तुमचं दोन मिनिट लई लांब असतंय. भाकरी वातड होतीय. अन् भुकेवरून तुम्ही घरच्यांवर जाता, ते नाय बरं वाटत."

साहेब दारातून दोन पावलं आत आले.

"तुला कुणी सांगितलं बोलायला?"

"तुम्हीच की." कडूबानं भिंतीकडं बोट केलं. "साहेब ऐकतील, असं बी लिहिलंय."

साहेबांनी फ्लेक्स मोठ्यानं वाचला. मीटिंगला आलेल्या मॅडमनी तो पहिल्यांदाच नीट वाचला आणि ओढणी तोंडाला लावली. मागून सर्जेराव फिस्सकन हसला, मग सगळी शिफ्ट हसली. साहेब मात्र हसले नाहीत. "जा, जेवा," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मीटिंग जेवणानंतर होते. घरच्यांचा विषयही बंद झाला. फक्त परवा तिथं नवा फ्लेक्स लागला. त्यात 'बा' नाही.

पर्मनंटची यादी अजून लागायचीय. कडूबा डबा उघडतो, भिंतीकडं बघतो आणि शेजारी बसेल त्याला विचारतो, "का रं, माझं नाव नुसतं फ्लेक्सवरनंच काढलं, का यादीतनं बी?"