जागं राहण्याचं भाडं

"मामा, मीपण तुझ्यासारखा फुकटात देश बघणार!" पाठीवर सॅक अडकवत भाचा म्हणाला.

"डोंबलाचं फुकटात!" मामा खेकसला.

विशीत तो ट्रकना हात करत हिंडायचा. भाडं एकच: शेजारी जागं बसायचं आणि ड्रायव्हरला बोलतं ठेवायचं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने भर दुपारी त्याला पोटभर जेवू घातलं आणि बजावलं, "आता झोपू नकोस हं, पोरा." दहाव्या मिनिटाला मामा घोरत होता. जाग आली ती ट्रक झाडावर आदळल्यावरच. म्हातारा जागीच गेला. मामाला साधं खरचटलंही नाही.

लोक जमायला लागले तशी मामाने गुपचूप सॅक उचलली आणि वळणापलीकडे जाऊन पुढच्या ट्रकला हात केला. त्या ट्रकमध्ये मात्र तो उतरेपर्यंत अखंड बोलत राहिला.