दुकानाचा रंग आईनं ठरवला

मंडळी, चार दिवस रंगांचे फोटो टाकून मी तुम्हाला छळलं. आज प्रश्न मिटला.

साताऱ्यातल्या माझ्या दुकानात घोंगडी, मातीची भांडी, बांबूच्या टोपल्या असणार. सगळं मातीतलं, म्हणून मी मातकट रंग निवडला आणि भिंतीवर नमुन्याचा पट्टाही मारला.

आज आई माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच दुकान बघायला आली. तिनं कातलेल्या लोकरीचं तपकिरी घोंगडं मी कौतुकानं त्या पट्ट्यावर धरलं, तर ती हसायलाच लागली.

"आगं, हे दिसल का कुणाला? सांजच्याला मेंढरं बी रानात अशीच हारवत्यात."

खरंच दिसत नव्हतं.

"मग काय लावायचं?"

"चुना. आपल्या घराला लावतो त्योच."

चुन्यात डिंक आणि थोडी नीळ घालून तिनं शेजारच्या कोऱ्या भिंतीवर हात फिरवला. भिंत नुसती ओली, करडी दिसायला लागली. माझा चेहरा पडला.

"वाळू दे की जरा. लय घाई तुला."

आम्ही चहा पिऊन आलो, तर भिंत पांढरीशुभ्र. तिच्यावर टांगलेलं घोंगडं रस्त्यावरूनही उठून दिसत होतं. आई तीनदा रस्त्यावर जाऊन बघून आली.

घरातली पहिली पदवीधर मी. रंगासाठी मी तुम्हा सगळ्यांना विचारलं, फक्त आईला विचारलं नव्हतं. रविवारी दुकानाची फीत तीच कापणार आहे.

तुमच्या घरात कुणाला विचारायचं राहून गेलंय?