ताटावरचा हात

"वाढ रे, हात का आखडतोस?" असं म्हणत काकू ताट पुढे करायच्या.

अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या मराठी मंडळाची गणपतीची पंगत शाळेच्या कॅफेटेरियात बसते आणि जिलबीची परात कायम माझ्याकडे. तुमच्याही मंडळात अशी एखादी काकू असेल. आमच्या काकू चिप बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेल्या. डझनभर जिलब्या खाऊन वर मठ्ठा मागायच्या.

एका वर्षी मात्र दोन घासांनंतर त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "पुरे रे. पोट डब्ब झालंय."

आग्रह हा माझा धर्म. "काय काकू, डाएट?" म्हणत मी त्यांच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडलीच. पंगत हसली. ती जिलबी तशीच राहिली, हे मी पाहिलं. पाहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी डबीत ओवा आणि काळं मीठ घेऊन त्यांच्या घरी हजर. माझी आई पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर ओवा द्यायची. माझी डॉक्टरी तिथेच संपते. दोन महिने ती डबी मी इमानानं भरत होतो. सेडोनाच्या सहलीला जाताना त्यांनी चारदा गाडी थांबवायला लावली, तेव्हा हा शहाणा म्हणाला, "काकू, रेस्टरूमचं इन्स्पेक्शन करताय का?"

शेवटी तपासणीत अंडाशयाचा कॅन्सर निघाला. बराच पसरलेला.

मी खाली मान घालून भेटायला गेलो. "काकू, माझा ओवा..."

"गप रे. तू वाढपी, डॉक्टर नव्हेस. मी तरी वेळेवर कुठे गेले डॉक्टरकडे? म्हटलं, वय झालं की पोट सुटतंच."

पुढच्या गणपतीत केमोनंतरचा स्कार्फ बांधून त्या पंगतभर माझ्यामागे फिरल्या. प्रत्येकीच्या कानाशी वाकून तेच. "पोट फुगतं? दोन घासांत भरतं? ओटीपोट दुखतं? सारखं बाथरूमला जावं लागतं? हे नव्यानं सुरू झालंय आणि दोन-तीन आठवडे रोजचंच आहे? मग गायनॅककडे जा. याचा ओवा घेऊ नकोस."

बायका हसायच्या. मीही.

काकू गेल्यानंतरची यंदाची पहिली पंगत. मागे कुणी नाही, म्हणून परात जरा जडच वाटत होती. अ‍ॅशबर्नहून नव्यानं आलेल्या एका मुलीनं ताटावर हात धरला. "नको काका, पोट फुगल्यासारखं होतंय."

"वाढा हो," तिचा नवरा म्हणाला, "डाएटचं नाटक आहे."

जिलबी माझ्या बोटांत होती. मी वाकलो. "किती दिवस होतंय, बाळ?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन आठवडे."

मी परात खाली ठेवली.