डाव्या चाकाचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट आपोआप वर जाते, त्याबद्दलही मी आजवर वायरिंग सोडून कुणाला दोष दिलेला नाही. तेव्हा हे वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एक जुनी मिनीबस घेऊन मी तिच्यात बेड, शेगडी, बेसिन बसवून घेतलं. मी तिला मोटरहोम म्हणायचो, सोसायटीवाले 'टपरी'. बायको-मुलीला घेऊन ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचं ठरलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुढच्या चाकातून आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... वेग वाढला की तोही वाढायचा.

नाना पेठेतल्या रशीदभाई मेकॅनिकनी एक चक्कर मारली. "उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय."

"आवाज डावीकडून येतोय! मला कान आहेत."

"साहेब, डावीकडे वळवलं की आवाज वाढतो. वळताना भार उजव्या चाकावर—"

"मी इंजिनिअर आहे."

(आहे. सिव्हिलचा.)

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने डावं बेअरिंग बदललं. पुन्हा चक्कर — आवाज गायब!

"उजवंही खोलून बघतो," ते म्हणाले.

"उगाच कशाला?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूगाव ओलांडलं आणि पुन्हा खर्र... तेही डावीकडूनच!

"अहो, हे कालच बदललं ना?" बायको.

"बाबा, केवढं वाजतंय!" मागून मुलगी.

पुराव्याशिवाय भांडायचं नाही, ही आपली पद्धत. बायकोला फोनवर रेकॉर्डिंग करायला लावलं आणि हळूहळू गाडी परत गॅरेजवर नेली.

रशीदभाईंना क्लिप ऐकवली. इंजिन होतं, हॉर्न होते, माझी बडबड होती, बायकोचं "बघा, अजून वाजतंय" होतं... खरखर नव्हती.

"यात काय ऐकायचं, साहेब?"

माझ्या हट्टाखातर त्यांनी डावं चाक खोललं. बेअरिंग कोरं करकरीत. "आता माझ्या समाधानासाठी," म्हणत त्यांनी उजव्या बाजूला जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं... अख्खं चाक डगडगत होतं. खोलल्यावर बेअरिंगचे तुकडे त्यांच्या हातात आले.

"घाटात निखळलं असतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी एकदा माझ्या मुलीकडे बघितलं.

मी माफी मागितली. तरी विचारलंच, "मग आवाज डावीकडून कसा?"

"लोखंडातून फिरतो. भलतीकडून ऐकू येतो."

"आणि फोनमध्ये का नाही?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "फोनचं मला विचारू नका. मी चाकांचा माणूस."

क्लिप नंतर एका साउंडवाल्या मित्रालाही दिली. त्यालाही काही सापडलं नाही. आम्ही तिघांनी मात्र तो आवाज स्वच्छ ऐकला होता.

बायको म्हणते, "तुमचा अंदाज साफ चुकला आणि तरी आपण वाचलो. याहून अमानवीय काय हवं?"