दसऱ्याचा पिवळा रंग

चिंचवडमधल्या ज्या कारखान्यात माझे वडील देखभाल विभागाचे इंजिनिअर होते, तिथे आता उंच इमारतींचा गृहप्रकल्प आहे. जुन्या फाटकाजवळचं कडुलिंबाचं झाड बिल्डरने ठेवलं आहे. दसऱ्याच्या दुपारी या झाडाखाली कामगारांच्या घरच्यांची रांग लागायची. वर्षातून त्या एकाच दिवशी आम्हाला आत सोडायचे.

आत गेल्यावर आधी वास यायचा. ताज्या ऑइल पेंटचा, झेंडूचा आणि त्याखाली मुरलेल्या ग्रीसचा. यंत्रं बंद असायची आणि त्या शांततेत लोकांचं बोलणं छतापर्यंत घुमायचं. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. एरवी घरी चिडचिड करणारे बाप त्या दिवशी आपापल्या मशिनजवळ नवे कपडे घालून उभे राहायचे आणि बायकोला सांगायचे, ‘ही माझी.’ बायका म्हणायच्या, ‘दिसतंय की. आमच्यापेक्षा हिचेच लाड जास्त.’ काही कुटुंबं जरा उशिरा यायची, पांढऱ्या कपड्यांत. ती सकाळी विहारात जाऊन मग कारखान्यात येत. पेढे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असत.

दसऱ्याआधीचा आठवडा वडिलांच्या विभागासाठी रंगाचा असे. प्रेसना हिरवा, कठड्यांना पांढरा, आणि क्रेनला व तिच्याखाली वजन उचलायच्या सगळ्या सामानाला पिवळा. आधी फक्त पूजा व्हायची. रंगाची पद्धत वडिलांनी सुरू केली, असं त्यांचे सहकारी सांगत. माणूस ज्या वस्तूला स्वतः रंग देतो ती तो वर्षभर जपतो, असं वडिलांचं म्हणणं होतं. त्या आठवड्यात त्यांच्या नखांत पिवळा रंग बसलेला असे. आई विचारायची, ‘काय नवरदेव, हळद लागली वाटतं?’

पूजेनंतर वडील मुलांना क्रेन दाखवत. छताखालच्या रुळांवर चालणारी ही क्रेन जमिनीवर उभं राहून चालवतात. वरून केबलला बटणांची एक पेटी लोंबत असते, तिला पेंडंट म्हणतात. हुक रिकामा ठेवून वडील एकेका मुलाला बटण दाबू देत. ‘दाब की. अरे, बैल हाकतोयस का? हळू!’ हुक खाली आला की टाळ्या पडत. मुलींकडे झेंडूच्या माळा दिलेल्या असत. त्या आम्ही यंत्रांना घालायचो. मला ते काम आवडायचं. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

पुढे कारखाना बंद झाला. वडिलांच्या हाताखाली तयार झालेली माणसं चाकणच्या कंपन्यांमध्ये पांगली आणि जाताना दसऱ्याचा रंग बरोबर घेऊन गेली. त्यांच्यातला एक जण गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्लांट हेड झाला. दर दिवाळीला तो थेरगावच्या आमच्या घरी फराळाला यायचा आणि वडिलांना वाकून नमस्कार करायचा.

एका वर्षी तो दिवाळीआधीच आला. त्याच्या प्लांटमध्ये अपघात झाला होता. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसमध्ये एक अवजड साचा बसवतात, त्याला डाय म्हणतात. क्रेनने डाय उचलत असताना डाय आणि हुक यांच्यामधला लोखंडी बीम तुटला. खाली उभा असलेला फिटर जागीच गेला. तो मराठवाड्यातून आलेला, बायको आणि मुलं मोशीत भाड्याच्या घरात. पेंडंट ज्या क्रेन ऑपरेटरच्या हातात होतं ती एक बाई होती.

‘सर, चौकशी समितीत बाहेरचा तज्ज्ञ म्हणून तुम्ही बसा,’ प्लांट हेड म्हणाला. ‘आमचे दोन अधिकारी आहेतच. पोलीसही टेक्निकल रिपोर्टची वाट बघतायत. तिने झटका दिलाय, ते कॅमेऱ्यात दिसतंय. फक्त शास्त्रशुद्ध लिहून पाहिजे.’

वडिलांचं गाडी चालवणं डोळ्यांमुळे बंद झालं होतं, म्हणून त्यांना चाकणला मी न्यायचे. लॅपटॉपही मलाच चालवावा लागे. तोवर मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडली होती. तरी याची बातमी करणार नाही असा शब्द कंपनीने माझ्याकडून घेतला आणि मी तो पाळला. आता प्रकरण मिटलं आहे. नावं वगळून लिहायला वडिलांची हरकत नाही.

पहिल्या दिवशी समितीने कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. कॅमेरा छताला होता. खाली निळे कपडे, पिवळी हेल्मेटं. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. डाय जमिनीवरून सुटताना बीमला हिसका बसला आणि बीम तुटला. वडिलांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

दुपारी ऑपरेटरला बोलावलं. ती साधारण माझ्या वयाची होती. आयटीआय केलेली, क्रेन चालवण्याचा कंपनीचा परवाना असलेली. अपघातापासून ती निलंबित होती. एका अधिकाऱ्याने तिला विचारलं, ‘घरी काही ताण वगैरे?’ त्या दिवशी बोलावलेल्या दुसऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारला गेला नाही.

‘सगळ्यांना असतो तेवढाच,’ ती म्हणाली. मग वडिलांकडे बघून म्हणाली, ‘साहेब, माझे वडील तुमच्याच कंपनीत होते. चिंचवडला, फाउंड्रीत. दसऱ्याला तुमच्या शॉपमध्ये यायचो आम्ही. मशिनला माळ घातलीय मी.’

वडिलांचा चेहरा फुलला. ‘असं होय! फाउंड्रीचे लोक उशिरा यायचे.’

‘आधी विहारात जायचो ना.’ ती जरा थांबली. ‘साहेब, माझ्या हातून झालं का, एवढंच सांगा. नोकरीचं नंतर बघू. आमचे फिटर गेले तेव्हापासून मी स्वयंपाकघरातसुद्धा काही उचलताना थांबते.’

वडील म्हणाले, ‘बघतो.’

परतताना स्पाईन रोडच्या सिग्नलला ते म्हणाले, ‘पोरगी चांगली आहे. पण बाईमाणूस. एवढं वजन बघून हात दचकला असणार.’

ज्यांनी मला पंक्चर काढायला, फ्यूज बदलायला शिकवलं, तेच हे बोलत होते, एवढी नोंद मनात राहिली.

दुसऱ्या खेपेला वडिलांनी अपघाताआधीच्या दिवसांचं चित्रण मागवलं. तिचा हात नेहमी कसा चालतो ते त्यांना बघायचं होतं. शॉपचा, म्हणजे अपघात झाला त्या विभागाचा, सुपरवायझर शेजारी बसला होता. चाकणच्याच जुन्या घरातला, मोठ्या आवाजात बोलणारा. एका ठिकाणी वडिलांनी मला थांबवायला लावलं.

‘हे बघा. इथेही डाय सुटताना तोच हिसका. म्हणजे त्या दिवसापुरतं नाही हे. तिची सवयच आहे.’

सुपरवायझर हसायला लागला. ‘अवो साहेब, ती न्हाई ती! तिची सुट्टी व्हती त्या दिशी. ह्यो आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर हाय. त्याला सांगितलं की बाईसारखी क्रेन चालवतो, तर आठवडाभर जेवायचा न्हाई.’

अधिकारीही हसले. वडील हसले नाहीत.

‘परत लावा,’ ते म्हणाले. मग, ‘आता तिचं.’ मग पुन्हा त्या जुन्या ऑपरेटरचं. डाय सुटण्याचा क्षण आला की दोघांच्याही वेळी तोच हिसका दिसत होता.

‘क्रेनच अशी उचलते का?’

‘व्हय, जरा हिसकतीच ती. पहिल्यापासनं.’

‘मग जबाबात तुम्ही म्हणालात, बाईने झटका दिला.’

‘मला इचारलं, बाईनं झटका दिला का? झटका तर बसला व्हता. मी व्हय म्हणलो.’

तो प्रश्न समितीतल्या अधिकाऱ्यांनीच विचारला होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. वडील म्हणाले, ‘एवढ्या हिसक्याने धड बीम तुटत नाही. बीम कुठे आहे?’

बीम शॉपच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. पंचनाम्यात त्याचे फोटो होते, पण तुटलेल्या कडेला नाक लावून कुणी बघितलं नव्हतं. कारण सापडलेलं आहे असं सगळेच धरून चालले होते. वडील गुडघ्यांवर बसले. मी मोबाइलचा प्रकाश धरला. हुक अडकवायची कडी जिथे वेल्डिंगने जोडलेली होती तिथून बीम फाटला होता. फाटलेल्या भागाचा एक तुकडा नव्या लोखंडासारखा चमकत होता. उरलेला काळपट होता आणि त्यावर आतपर्यंत पिवळा रंग उतरला होता.

रंग आत गेला, म्हणजे रंग देताना फट होती. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

‘रंग कधी दिला?’ वडिलांनी विचारलं.

‘दसऱ्याला, साहेब. दर वर्षी देतो. प्लांट हेड सरांची पद्धत हाय.’

‘आणि बीमची तपासणी?’

‘दसऱ्यानंतर लगेच. तवा सगळं साफसूफ असतंय ना.’

वडील बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं गुडघे धरले, म्हणून हात दिला. तो त्यांनी घेतला नाही.

चाकणमध्ये ही पद्धत कुणी लपवाछपवीसाठी आणली नव्हती. ज्यांनी आणली त्यांना ती आवडत होती. तडा ताज्या रंगाखाली झाकला जायचा, आणि मग तपासणीला येणारा माणूस चकचकीत पिवळा बीम बघून म्हणायचा, काय छान ठेवलंय. वडिलांनीही पहिल्या दिवशी शॉपमध्ये शिरताना हेच म्हटलं होतं. मी शेजारी होते.

संध्याकाळी प्लांट हेडने दार लावून घेतलं. मला बाहेर जा म्हणाला नाही.

‘सर, तडा होता एवढं लिहा. रंगाचं कशाला? उद्या लोक विचारतील, पद्धत कुणाची. तुमचं नाव येईल.’

‘येऊ दे. माझीच आहे.’

‘माझीही नोकरी आहे, सर.’

‘माहीत आहे. तुला मीच शिकवलं, रंग दे म्हणून. रंगाआधी घासून बघ, हे बहुतेक शिकवायचं राहिलं.’

त्याने मान खाली घातली. पुढच्या दिवाळीला तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला आला.

अहवाल दिल्यावर वडील म्हणाले, ‘पिंपरीला चल.’ ऑपरेटरचं घर तिथल्या कॅम्प भागातल्या बाजारामागे होतं. तिने खुर्ची पुढे केली, चहा ठेवला. वडिलांनी चहा येईपर्यंतसुद्धा दम धरला नाही.

‘तुमच्या हातून झालेलं नाही. बीमला आधीपासून तडा होता, रंगाखाली. तुमच्या जागी कुणीही असतं तरी तो तुटलाच असता. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय. आणि समितीने सुरुवातीला तुमच्यावर का बोट ठेवलं, तेही लिहिलंय. त्यात मी होतो.’

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला आणि मग वळली.

‘त्यांच्या बायकोला कुणी सांगितलं का?’

अहवाल कुणाकुणाकडे जातो याची वडिलांना माहिती होती. मोशीच्या त्या भाड्याच्या घरात तो जाणार नव्हता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कामावर परत घेण्याआधीच ती सुपरवायझरला बरोबर घेऊन मोशीला गेली. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. सुपरवायझर एवढंच म्हणाला, ‘दोघी रडल्या. मी आपला भायेर बसलो, पोरांसंगं.’

पुढच्या दसऱ्याला कंपनीने वडिलांना बोलावलं. घरच्यांनाही सोडलं होतं. जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभं राहायचं, एवढीच अट. वास तोच होता, झेंडू आणि ऑइल पेंट. बीमचा मधला भाग पिवळा होता आणि वेल्डिंगच्या जागा घासून उघड्या ठेवलेल्या, वरून नुसता तेलाचा हात. पूजेच्या ताटाजवळ कुणाचा तरी मुलगा हातात माळ घेऊन कुठे घालायची म्हणून विचारत होता.

क्रेनखाली ती उभी होती, पांढऱ्या साडीवर हेल्मेट. वडील पट्टीपर्यंत गेले. माझ्याकडे हात करून तिला म्हणाले, ‘हुक रिकामाच आहे. हिला एकदा बटण दाबू दे. लहानपणी हिला कधी दिलं नाही. तुलाही नाही.’

ती हसली. ‘नाही काका. परवाना नसलेल्याच्या हातात पेंडंट द्यायचं नाही. नियम आहे.’

वडील माझ्याकडे बघू लागले, मग तिच्याकडे. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले आणि एक पाऊल मागे आले.

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, आजूबाजूच्या लोकांना हाताने आणखी मागे सारलं आणि बटण दाबलं. हुक वर निघताना क्रेनने हिसका दिला. मग तो सरळ वर गेला.