भागिरथाच्या भोपळ्याची एकतारी

कामरगावात कुणाचा फवारणीचा पंप गळायला लागला की तो देवमनकडे यायचा. एम-सील मळायचं, भेगेत बोटानं ठासायचं, वर आणखी एक थर द्यायचा. पंप मोडेल, पण देवमनचा जोड सुटायचा नाही. या कसबाचा गड्याला भारी तोरा. दुसरा तोरा गाण्याचा. भीमजयंतीला तो एकतारीवर गायचा आणि बायको, भागिरथा, मागून झील धरायची. एकतारीचा भोपळाही तिचाच. गोठ्यावर वेल चढवून तिनं पिकवलेला, वाळवून पोखरलेला.

आपण या दुखण्यातून उठत नाही, हे तिला कळलं होतं. ती म्हणाली, "माह्या पुण्यानुमोदनाले भाषणं नोका ठेवू. तुमी एकतारीवर गानं म्हनजा."

ती गेली त्या दिवशी घरात ही गर्दी. कुणाचा तरी पाय पडला आणि भोपळा तडकला.

"वाशीमले दाखवू कोनाले तरी," मुलगा प्रसेनजित म्हणाला.

"कायले? म्या कितीक पंप जोडले."

आणि पंपासारखीच जोडली त्यानं एकतारी. भेग भरली. पुन्हा तडकू नये म्हणून भोपळ्याच्या तोंडावर ताणलेलं कातडं सोडवून आतूनही जाड लिंपण दिलं. सगळं वाळल्यावर तार चढवून छेडली, तर नुसतं टक्, टक्. लाकडाच्या ओंडक्यावर टिचकी मारावी तसं.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. भोपळा काही पाणी धरायला नव्हता. पातळ होता म्हणून गुंजत होता. जन्मभर मांडीवर वागवलेल्या वस्तूचं एवढंही आपल्याला कळू नये, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. मग त्यानं लिंपण खरवडायला पटाशी लावली. लिंपण निघालं, पण भोपळ्याच्या फाकी घेऊनच निघालं. नवा भोपळा कुठंही मिळाला असता. तो त्याला नको होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली आणि देवमन रिकाम्या हातानं उभा राहिला. पहिली ओळ फार उंच गेली. पुन्हा धरली तर खाली घसरली. मग तोंडच उघडेना.

"बसा बाबा," सून नीलिमा हळूच म्हणाली. "रडू दाबून नोका ठेवू."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा दुःखानं अडखळला. दुःख तर होतंच. पण अडखळला होता तो सूर न सापडल्यानं, आणि हे ओळखेल असं गावात एकच माणूस होतं. तिच्या फोटोला हार घातलेला होता.