धोंड्याचा महिना कोणाच्या वाट्याला

आई गेल्यावर आम्ही दोघा भावांनी वडिलांचे महिने वाटून घेतले. दादा देऊळघाटला शेती बघायचा, मी बुलढाण्यात मास्तरकी करायचो. चैत्र माझा, वैशाख दादाचा, ज्येष्ठ माझा, आखाड दादाचा, असं पुढे. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी बाबा आपलं बोचकं घेऊन या घरून त्या घरी. कुठे बोलणं नाही, कुठे रुसणं नाही. लोक म्हणत, पोरं असावी तर अशी. आणि मलाही ते ऐकून छाती फुगल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला सांगू?

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. त्या साली अधिक श्रावण आला. आमच्या वाटणीत तेरावा महिना कोणी धरलाच नव्हता. पंचांग रोज हाताळणारा मी, मलाही सुचलं नाही. आखाडातली अमावस्या उलटली आणि दादा सकाळीच बाबांना घेऊन दारात उभा.

मी म्हटलं, "दादा, माझा श्रावण निज. हा अधिक आहे, हा माझ्यात येत नाही."

"नावात श्रावन हाय ना? मंग तुह्या वाट्याचा."

"आणि मी सासरी चाललो त्याचं काय?"

हे मात्र खरं होतं. सासरे धामणगाव बढ्याचे. धोंड्याचा महिना म्हणून जावयाला बोलावणं आलं होतं. तेहतीस अनारसे, नवं धोतर, मानपान. पिशवी भरून तयार होती. दादा म्हणाला, "वा रे वा मास्तर! तू अनारसे खाय अन् म्या निंदन सोडून बाबाले सांभाळू? वावरात डवरे चालू हायेत, घरात मानूस नाई." मीही तोंड सोडलं. शिकलेला माणूस भांडायला लागला की जास्तच घाण बोलतो. अधिक कशाला म्हणतात, निज कशाला म्हणतात, हे मी दादाला पोरांना फळ्यावर शिकवावं तसं शिकवत होतो. बाबा ओट्यावर बोचकं मांडीवर घेऊन बसले होते. मध्येच म्हणाले, "भांडू नका बापू. मी दुसरबीडले जातो."

दुसरबीडला आमची बहीण दिलेली. आमचं भांडण तिथेच थांबलं. थांबायला कारण होतं. बाबा लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं झाली होती, पण तिच्याकडे गेले तरी भाकरी धडप्यात बांधून न्यायचे, गावाबाहेरच्या विहिरीवर खायचे, मग तिच्या ओट्यावर घटकाभर बसून परत फिरायचे. बहीण रडायची, पण त्यांनी मोडलं नाही. आणि आता महिनाभर तिथे राहायचं, तेही धोंड्यात, जावयाला वाण द्यायच्या महिन्यात, रिकाम्या हाताने!

"नका जाऊ," एवढंच म्हणायचं होतं. दोघांपैकी कोणीही म्हटलं असतं तरी बाबा थांबले असते. दादा जमिनीकडे बघत राहिला. मला तर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज इतक्या वर्षांनीही लाज वाटते. मी त्यांना चिखलीच्या गाडीत बसवून दिलं, पुढे कुठे गाडी बदलायची ते दोनदा सांगितलं, आणि दुपारी बायकोला घेऊन सासरी गेलो. अनारसे चांगले जाळीदार झाले होते.

निज श्रावण लागला त्या दिवशी मी त्यांना आणायला दुसरबीडला गेलो. बहीण दारातच भेटली. घरात या म्हणाली नाही.

"गोठ्यात हाय, पाह्य," ती म्हणाली. "दोन दिवस पान्यालेही शिवला नाई बाबा. पाया पडली मी त्याच्या. तिसऱ्या दिवशी म्हने, मले काम दे, मंग खातो. तवापासून दोर वळाले अंबाडी घेऊन बसते. रोज दोर दाखवते, मंग ताटावर येते. माह्या मालकानं हात जोडले, तरी आयकत नाई. तुम्ही दोघं मेले होते का रे?"

मी गोठ्याकडे वळलो.

बाबा गोठ्यात अंबाडीचं दावं वळत बसले होते. पोळा महिन्यावर आला होता. खुंटीवर नवे कासरे, नवी दावी टांगलेली, दोन बैलांना पुरून उरतील एवढी. हात सोलवटले होते. मला पाहून म्हणाले, "आला का? हे एवढं होऊ दे." ते दावं पुरं करून, गाठ मारून, जावयाच्या हातात देऊनच उठले. मला वाटलं, चला, निभावलं. आता आपल्या घरी येतील, सारं पहिल्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "सूनबाई, मले काही काम हाय का?"

ती हसली. "अवं माय! तुमाले कायचं काम मामाजी? बसा आरामात."

ते बसले नाहीत. काठी घेऊन बाजारात गेले आणि अंबाडीची पेंडी घेऊन आले. मी शाळेतून जेवायला घरी आलो तेव्हा ओट्यावर अंबाडीचा भुसा सांडलेला होता आणि ताटं अजून मांडायची होती. बाबांनी वळलेलं दावं माझ्यासमोर ठेवलं. भाड्याच्या दोन खोल्या आमच्या. ना बैल, ना गाय, ना शेळी.

"बाबा, हे कोणासाठी?" मी विचारलं.

"झालं बापू आजचं," ते हात पुसत म्हणाले. "आता वाढाले सांग."

मी त्यांचे हात धरायला हवे होते. ते दावं दूर फेकायला हवं होतं. मी आत वळून बायकोला म्हणालो, "वाढ."